रविवारी ड्युटी लागली तर शब्बाथ मोडतो का?

जय ख्रिस्त, भाऊ.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जळगावच्या एमआयडीसीत नोकरी, साप्ताहिक सुट्टी बुधवारी, रविवार मोकळा मिळतो तो क्वचित. रूमवरचा मित्र शनिवार पाळणाऱ्या मंडळीतला, म्हणजे तशा चर्चमधला. तो म्हणतो रविवारची उपासना माणसांनी काढलेली, देवाची आज्ञा शनिवारचीच. गावी, अमळनेर तालुक्यात, आई म्हणते, "रविवारे वावरमा जावानं नई," आणि लाइट नेमकी त्या दिवशी आली तरी मोटार चालू करू देत नाही. या ओढाताणीत तुम्ही विचारताय, मी दर आठवड्याला शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातून एक दिवस काम थांबवून विसावा घ्यायची, आज्ञा मोडतोय का?

ड्युटीमुळे मोडत नाही. पण एवढं सांगून थांबलो तर तुम्हाला सूट मिळेल, उत्तर मिळणार नाही. कारण खरा गुंता वाराचा नाही. विसावा आणि उपासना या दोन वेगळ्या गोष्टींची आपण एकच मोळी बांधून ठेवली आहे, आणि ती ‘रविवार’ नावाच्या खुंटीला टांगली आहे. खुंटी हातातून गेली की दोन्ही गेल्या असं वाटतं.

मी पाळक (पास्टर) म्हणून नवापूरकडच्या खेड्यांत राहिलो, पुढे भुसावळला रेल्वेवाल्यांच्या मंडळीत. नवापूर, तळोदा भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोलीकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्च झालेली. गाडी कधी भरायची हे कारखाना ठरवतो. तिथे रविवार कुणाला माहीत? मी फडावर भेटीला जायचो तेव्हा उपासना रात्री व्हायची, पालांच्या मधल्या जागेत, चुली विझायच्या आत. बायकांच्या हातांवर उसाच्या पातीचे चरे, त्याच हातांनी टाळ्या. गाणी जोरात व्हायची. संदेश सुरू झाला की पुढच्या रांगेतला बाप्या बसल्या बसल्या झोपलेला, मांडीवर पोर झोपलेलं. मी दहा मिनिटांत आटोपायचो. तिथे उपासना होती, विसावा नव्हता. तुमच्याकडे उलट आहे. बुधवारचा विसावा आहे, मंडळी नाही. दोघांना एकच औषध कसं चालेल?

आता मित्राचं. त्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे आणि ते मान्य करून टाका. दहा आज्ञांपैकी चौथी ती शब्बाथाची; तिच्यातला दिवस सातवा, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. (कॅथलिक बांधव हीच आज्ञा तिसरी म्हणून मोजतात, त्यानं गोंधळू नका.) ‘शब्बाथ आता रविवारी पाळावा’ असं वचन बायबलच्या नव्या करारात कुठेही नाही. येशू स्वतः शब्बाथ दिवशी सभास्थानात जायचा.

गाडी घसरते ती पुढे. कॉन्स्टंटाईन या रोमी बादशहानं रविवार घुसडला, असं तो म्हणत असेल. हे नेहमीचं आहे. इ.स. ३२१ मध्ये त्याचा हुकूम निघाला, न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांनी रविवारी काम बंद ठेवावं असा. पण त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी, १५५ च्या सुमारास, जस्टिन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकानं रोमच्या बादशहाला उद्देशून जे लिहिलं त्यात रविवारची सभा जशीच्या तशी आहे. गावातले नि खेड्यातले सगळे एका ठिकाणी जमतात, शास्त्र वाचतात, प्रमुख बोध करतो, प्रार्थना होते, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक त्यांचा भाग पोचवतात. ते शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बादशहाच्या त्या हुकुमात आणखी एक मजेशीर कलम आहे. शेतकऱ्यांना मोकळीक. पेरणीला किंवा द्राक्षवेल लावायला योग्य दिवस पुन्हा मिळेलच असं नाही, म्हणून त्यांनी रविवारी खुशाल काम करावं. वाफसा गेला की गेला, हे रोमच्या बादशहालाही कळत होतं. मोशेचं नियमशास्त्र याहून कडक आहे. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय की नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी विसावा घ्यायचा.

मग कॉन्स्टंटाईनच्या आधी रविवारी सुट्टी नसताना लोक जमायचे कसे? कामाच्या आधी, नाहीतर कामानंतर. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये त्रोवस गावात आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, सभा भरली ती रात्री, माडीवर, दिवे लावून. प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाचा रोमी अधिकारी बादशहाला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट व्हायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. खरं काय ते काढून घेण्यासाठी त्यानं दोन दासींचा छळ केला. त्या मंडळीतल्या सेविका होत्या. दासीला कुठली आली साप्ताहिक सुट्टी? म्हणजे भाऊ, पहिल्या दोन-तीन शतकांतले बरेच ख्रिस्ती तुमच्यासारखेच होते. प्रभू येशू मेलेल्यांतून उठला तो दिवस म्हणून पहिला दिवस त्यांनी उपासनेला धरला; तो त्यांच्या सुट्टीचा दिवस नव्हता.

म्हणून माझं मत असं की रविवार म्हणजे सरकवलेला शनिवार नव्हे. तो प्रभूचा दिवस, त्याचा आधार पुनरुत्थान. आणि दिवसाबद्दल पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात (रोम १४) दोन्ही बाजूंना गप्प केलंय: एक जण एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, दुसरा सगळे सारखे मानतो, प्रत्येकाची आपल्या मनात खात्री असावी. कलस्सै २ मध्ये तर शब्बाथावरून कोणी तुमचा न्याय करू नये असं थेट लिहिलंय. सगळ्या मंडळ्या हे असंच मानत नाहीत, तेही सांगतो. १६४० च्या दशकातलं वेस्टमिन्स्टरचं विश्वासपत्र (मंडळी काय मानते त्याचा लेखी मसुदा) रविवारला ख्रिस्ती शब्बाथ म्हणतं आणि दिवसभर कामधंदा, करमणूक बंद ठेवायला सांगतं. त्याआधीचं, १५३० चं ऑग्सबर्गचं म्हणतं की तसं बंधन नाही. खान्देशात स्वीडिश, अमेरिकन असे निरनिराळ्या वळणांचे मिशनरी आले, आणि आपल्या जुन्या मंडळ्यांत रुजली ती कडक शिस्त. तुमची आई लहानपणी शब्बाथशाळेत (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) तेच शिकली असणार. तिला अडाणी समजू नका.

इथवरचं ऐकून बरेच जण खूश होतात. दिवसाचं बंधन नाही ना, मग झालं! पण आज्ञेतला दिवस बाजूला ठेवला तरी आज्ञेत जे मागितलंय ते उरतंच, आणि माझ्या मते तेच आपण वाचत नाही. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा ५ वा अध्याय काढा. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्या वेशीच्या आतला उपरा. आणि कारण? तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा. तू मिसरात दास होतास हे आठव. भजन, संदेश, अर्पण यांचा त्या आज्ञेत शब्दही नाही. पवित्र मेळ्याचा उल्लेख आहे तो लेवीय २३ मध्ये. चौथी आज्ञा मुख्यतः ज्याच्या हाताखाली कोणी आहे त्याला केलेली आहे. ‘तू थांब’ एवढंच ती सांगत नाही. ‘तुझ्यामुळे ज्यांना थांबता येत नाही त्यांना थांबू दे’ असं सांगते.

शेतकऱ्याला हे फोड करून सांगावं लागत नाही. अमावस्येला औत जुंपायचं नाही, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करायची, पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे आपल्याकडे बापजाद्यांपासून चालत आलंय. बैलाला थांबता येतं ते मालकानं सोडलं तरच. शब्बाथाचं तसंच आहे.

आता एक उदाहरण घ्या. बागायतदार विश्वासी (ख्रिस्ती माणूस), रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, दशांश (कमाईचा दहावा भाग) वेळेवर. त्याच वेळी त्याच्या बागेत मजूर केळीचे घड कापून ट्रक भरताहेत, कारण व्यापाऱ्यानं रविवारची गाडी लावली आहे, आणि त्या मजुरांना आठवड्यात दुसरा कुठलाही दिवस सुट्टी नाही. यानं शब्बाथ पाळला का? मी म्हणतो नाही पाळला. त्याच दिवशी एखादी बाई किलोच्या दरानं कापूस वेचायला गेली, कारण ढग आलेत आणि भिजला तर कापूस पिवळा पडून भाव जाईल, मजुरीही बुडेल. ती उपासनेला आली नाही म्हणून तिला टोचून बोलणारे आमच्याकडे होते. पहिल्या बाकावरच्या भाऊसाहेबांना मात्र कोणी काही बोलत नाही! आमोस ८ मधले व्यापारी शब्बाथ पाळत होते, दुकान बंद ठेवत होते. मनात मात्र एकच, हा कधी संपतो आणि आपण माप मारून गहू कधी विकतो.

गिरणी कामगारांना रविवार मिळाला तोही मालकाच्या धर्मबुद्धीनं नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत काही वर्षं लढा दिला तेव्हा १८९० मध्ये मालकांनी मानलं. लोखंडे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. रविवार खंडोबाचा वार आहे असंही त्यांनी मांडलं होतं. १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याची एक सुट्टी कामगाराचा हक्क म्हणून लिहून ठेवली, आणि ती रविवारऐवजी दुसऱ्या दिवशी देण्याची सोयही ठेवली. तुमचा बुधवार तिथून आला. शेतमजुराला असा बुधवारही नाही. म्हणून चौथी आज्ञा खान्देशात आज सगळ्यात जास्त कुणाला लागू पडत असेल तर ज्याच्या वावरात रोजानं माणसं येतात त्याला, आणि मुकादमाला. मुकादम विश्वासी निघाला तर मी त्याला उपासनेला ये म्हणण्याआधी विचारतो, बाबा, तुझ्या कोयत्यांना आठवड्यात एक रात्र तरी पुरती झोप देतोस का?

दुसरी जागा म्हणजे घरातली चूल. ख्रिस्ती घरात रविवारी सगळ्यात जास्त राबतं कोण? पाचला उठून पाणी भरायचं, पोरांच्या आंघोळी, इस्त्रीचे कपडे, चर्चहून आलं की काळ्या मसाल्याचं मटण, भाकरी, त्यात पाळकसाहेब जेवायला. (मी कित्येक घरी तो पाहुणा झालोय.) आज्ञेतल्या यादीत बायकोचं वेगळं नाव नाही म्हणून ती सुटली असं समजू नका, ती ‘तू’मध्येच आहे. इस्राएल लोकांना सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना (रानात देवानं दिलेलं अन्न) मिळायचा, आणि भाजायचं-शिजवायचं ते आदल्या दिवशीच उरकायला सांगितलं होतं. शब्बाथ पाळणारी ज्यू कुटुंबं आजही शुक्रवारीच स्वयंपाक करून ठेवतात. आपल्याकडे हिवाळ्यात वावरात भरीत पार्टी असते तेव्हा पुरुष मंडळी पऱ्हाटीवर वांगी भाजतात, सोलतात, ठेचतात, फोडणी देतात, बायकांना हात लावू देत नाहीत. तेव्हा जमतं, मग रविवारी दुपारी का जमत नाही? भुसावळला आम्ही महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर खिचडीचा पातेला पुरुषांकडे दिला. पहिल्यांदा खाली लागली. बायका मागच्या बाकांवर बसून हसत होत्या.

आता तुमचा बुधवार. तो खरोखर सुट्टीसारखा घालवा. सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम करायचा की नाही हे परिस्थितीवर आहे: घरावर कर्ज असेल, बहिणीचं लग्न असेल, तर मी कोण तुम्हाला अडवणार? पण नव्या मोबाइलच्या हप्त्यासाठी दर बुधवार विकत असाल तर आज्ञा तुम्हालाच विचारतेय. त्या दिवशी झोपा, कपडे धुवा, गावी जाऊन या, आईशी बोला. सकाळी एखादं स्तोत्र सावकाश वाचलंत तरी दिवस देवाच्या हाती दिल्यासारखा होतो. दिवसभर गुडघ्यांवर राहायची गरज नाही.

उपासनेचं मात्र मी सोडणार नाही. इब्री १० मध्ये आपलं एकत्र मिळणं सोडू नका असं आहे, वाराचं नाव नाही. रूमवर पडून यूट्यूबवर संदेश ऐकणं वाईट नाही, पण त्यात कोणी तुम्हाला ‘चेहरा का उतरलाय’ म्हणून विचारत नाही. रेल्वेच्या रनिंग स्टाफला रेस्ट कधी लागेल याचा नेम नसतो. ड्रायव्हर, गार्ड महिना महिना रविवारी दिसायचे नाहीत. आम्ही शनिवारी संध्याकाळी छोटी उपासना सुरू केली आणि ज्याला तीही जमत नसे त्याच्या क्वार्टरवर मंडळीतले ज्येष्ठ पुढारी प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घेऊन जायचे, जस्टिनच्या सेवकांसारखे. कॅथलिक मंडळीत शनिवार संध्याकाळची मिस्सा (त्यांची उपासना) रविवारचीच धरतात. बहुतेक मंडळ्यांत आठवड्याच्या मध्ये प्रार्थनासभा असते, बऱ्याच ठिकाणी ती बुधवारीच. तुमच्या पाळकांना सरळ सांगा: माझा रविवार जातो, मला बुधवारच्या सभेत धरा आणि प्रभुभोजनाची सोय करा. चांगला पाळक हे ऐकून रागावणार नाही.

सुपरवायझरला मात्र ‘माझा धर्म आहे’ म्हणून रविवार मागण्याआधी विचार करा. ज्याची पोरं शाळेत आहेत त्यालाही रविवार हवा असतो. अदलाबदलीनं जास्त काम होतं. दिवाळीत तुम्ही ड्युटी घ्या, नाताळ आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तो घेईल. आणि रविवारी स्पर्धा परीक्षेचा पेपर आला तर? देऊन या. हा प्रश्न पोरं दर वर्षी विचारतात आणि मी दर वर्षी हेच सांगतो.

आईच्या मोटारीबद्दल. येशूनं लूक १३ मध्ये सभास्थानाच्या अधिकाऱ्याला विचारलं होतं की तुम्ही शब्बाथ दिवशी बैल-गाढव सोडून पाण्यावर नेता ना? गरजेचं पाणी पाजणं हा कधीच शब्बाथभंग नव्हता. मे महिन्यात रोपं करपायला लागली असतील तर पाणी द्या, बिनदिक्कत. पण थ्री फेज आठवडाभर येणारच असेल आणि सोमवारी भागत असेल, तर आईचा शब्द मोडून मोटार लावण्यात काय मिळवाल? तिची मनापासूनची खात्री आहे आणि रोम १४ तिच्याही बाजूनं बोलतं. मधला मार्गही आहे: शनिवारी रात्रीच ऑटो (लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा स्विच) लावून ठेवा. कडक शब्बाथ पाळणारे ज्यूही शुक्रवारी दिव्यांना टायमर लावून ठेवतात. वीजवाले ऑटो लावू नका म्हणतात, तो वेगळा विषय. रोजानं बायका लावून रविवारी निंदणी करायची असेल तर मात्र मी आईच्या बाजूनं.

मित्राशी वाद घालत बसू नका. एखादा शनिवार मोकळा मिळाला तर त्याच्याबरोबर जाऊन बसा. त्यांच्याकडे उपासनेआधी गटात बसून शास्त्राचा धडा करतात, प्रश्न विचारतात, आणि ते आपल्या बऱ्याच मंडळ्यांपेक्षा मन लावून होतं. तिथे गेलात म्हणून तुमचा रविवार खोटा ठरत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही: शिफ्ट फिरती आहे की कायम रात्रीची? रात्रपाळी असेल तर जो क्वचित रविवार येतो त्या दिवशी सकाळी सुटून थेट चर्चला जाऊ नका. बाकावर पेंगण्यात अर्थ नाही. आधी झोप काढा आणि संध्याकाळची उपासना धरा. तसं असेल तर कळवा, जळगावात तुमच्या रूमपासून जवळ संध्याकाळची उपासना कुठे होते ते तिथल्या पाळकांना विचारून सांगतो.